पावणं सहा पावलं चाललं

तात्या,

दहाव्याला कावळा किती वेळात शिवला, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते: एका मिनिटाच्या आत. कुकडीच्या काठी पिंड मांडून माणसं जेमतेम मागे सरली होती, तोच समोरच्या बाभळीवरून एक कावळा उतरला. आजूबाजूला पाहण्याचा उपचारही न करता त्याने सरळ भातात चोच घातली. एरवी आपल्याकडे याच घाटावर माणसं दुपारपर्यंत ताटकळलेली मी पाहिली आहेत. कुणी म्हणतं, धाकट्याचं लग्न लावून देऊ; कुणी म्हणतं, बांधाचा वाद मिटवू; आणि कावळा तारेवर बसून सगळी आश्वासनं ऐकून घेतो. तुमच्या वेळी कुणाला तोंड उघडायलासुद्धा सवड मिळाली नाही. पप्पा डोळे पुसत म्हणाले, "दादाची कायबी इच्छा ऱ्हायली नव्हती." लोणीची आत्या म्हणाली, "तृप्त होऊन गेला गं माझा भाऊ." त्याआधी श्रद्धांजलीच्या भाषणांत एका पुढाऱ्यांनी तुम्हाला 'तालुक्याचे रोबो-महर्षी' म्हणून टाकलं होतं. त्याच भाषणात त्यांनी आपल्या घराचं आडनाव दोन वेळा चुकवलं, तेव्हा पदवी कितपत ग्राह्य धरायची ते तुम्ही ठरवा.

सगळे कावळ्यावर खूष होते. मला मात्र त्याचा राग आला. तुमची एक इच्छा होती, ती अख्ख्या येडगावला माहीत होती, आणि ती पूर्ण झाली असं समजून तुम्ही गेलात. ती पूर्ण झाली नव्हती. आपलं पावणं चाललं नव्हतं, तात्या. मी त्याच्या तळपायांखाली चाकं बसवली होती.

हे पत्र त्या कबुलीसाठी आहे. पण कबुली अशी एकदम टाकून चालणार नाही, कारण तुम्हीच म्हणाल, "सायन्सबाई, आदी जोडणी दाखवा, मग करंट सोडा." तेव्हा जोडणीपासून सुरुवात करते.

ओतूरच्या एसटी स्टँडामागे तुम्ही आयुष्यभर जळालेल्या पाणमोटारींना नवी तार भरून दिलीत. दुकान बंद केल्यावर व्हाइस, ड्रिल आणि तारेची रिळं घेऊन तुम्ही घरामागच्या बराखीत शिरलात. काकू म्हणाल्या, "आवो, बराख कांद्यासाठी असती. कांदा कुठं ठिवू, तुमच्या डोक्यावर?" तुम्ही म्हणालात, "कांदा नासतो. हत्यार नासत न्हाई." त्यावर घरात आठवडाभर अबोला होता. अबोल्याच्या त्या आठवड्यात तुम्ही बराखीला दोन ट्यूबलाइट आणि एक पंखा लावून घेतलात, हेही नोंदवलं पाहिजे.

माझं शिक्षण कुठल्या महाविद्यालयात झालं हे मी अर्जांमध्ये लिहिते. ते सुरू कुठे झालं हे लिहायला अर्जात रकाना नसतो. मी आठ वर्षांची असताना तुम्ही मला दुकानात स्टुलावर बसवून तारेचे वेढे मोजायला लावलेत. मी मोजत असताना कुणी गिऱ्हाईक आलं, तर तुम्ही ओठांवर बोट ठेवून त्याला बाहेर उभं करायचात. एकदा एक बागायतदार चिडून म्हणाला, "राव, पोरगी मोजती म्हनून मी उनात थांबू व्हय?" तुम्ही म्हणालात, "मोजनाऱ्या मानसाशी बोलू नाय." मोठ्या माणसांच्या जगात मला पहिल्यांदा माणूस म्हटलं गेलं, ते असं.

पावण्याची कल्पना मात्र माझी नव्हती. पुण्यात एमएस्सी संपवून मी यंत्रांच्या स्वयंचलनाची नोकरी धरली, त्या वर्षीच्या दिवाळीत मी एक छोटा नियंत्रक घेऊन आले होते. हाताच्या पंजाएवढी हिरवी पाटी, तिला मोटारी जोडायच्या आणि आज्ञा लिहायच्या. तुम्ही ती चष्मा वर-खाली करून पाहिलीत.

"ह्याला काय जोडायचं?"

"काहीही जोडता येतं."

"मग मानूस जोडू."

भंगारातल्या टेम्पोंच्या चार वायपर-मोटारी तुम्ही आणल्यात, जळालेल्या दोन स्वतःच्या हातांनी भरल्यात. तेलाचा पंधरा किलोचा डबा धड झाला, अल्युमिनियमच्या पट्ट्या हात-पाय झाल्या, आणि माझ्या कमरेइतक्या उंचीचं एक बिनडोक्याचं शरीर बराखीच्या मधोमध दोरीने टांगलं गेलं. नाव काकूंनी ठेवलं. चहा द्यायला आल्या, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "घरात येऊन बसलंय, काम काय करीत न्हाई, अन् सगळी त्याच्याच पुढं-मागं. पावणं हाय हे." पुढे गावात जो तो विचारायचा, "पर उपेग काय ह्याचा?" तुम्ही प्रत्येकाला एकच उत्तर दिलंत: "तुमच्या घरी येत्यात त्या पावण्यांचा काय उपेग असतो?" मी प्रकल्पांच्या उद्दिष्टांवर कितीतरी पानं लिहिली आहेत. इतकं निरुत्तर करणारं उद्दिष्ट मला एकदाही सुचलं नाही.

याच नावाने आपला घात केला. आपल्या भागात लग्नाच्या मुलीच्या घरात 'पावणं' या शब्दाचा एकच अर्थ होतो, आणि माझं वय त्या अर्थाला पूर्ण पोषक होतं. हे गणित तुमच्या डोक्यात आलं नाही. ओतूरच्या स्टँडावर चहाच्या टपरीशी उभं राहून तुम्ही मला फोन करायचात, आणि तुमचा फोनवरचा आवाज म्हणजे भोंग्याला पर्याय. "व्हय, पावण्याचं डोकं पुण्यातच ऱ्हायलंय, येताना घिऊन ये... न्हाई गं, उभंच ऱ्हाईना... डाव्या पायात दमच न्हाई त्याच्या... चाकं लावायची म्हनती? मी हाय तवर न्हाई!" टपरीवर आत्याच्या जावेची बहीण चहा घेत होती. बातमी ओतूरहून लोणीला पोचायला दीड तास लागला. एसटीला तेवढ्याला अडीच लागतात.

आत्या दुसऱ्याच दिवशी दोन बायकांना घेऊन आली. मी तेव्हा बराखीत पावण्याच्या घोट्याचे स्क्रू आवळत होते आणि तुम्ही अंगणात बाजेवर बसून पट्टी घासत होतात. पुढचा संवाद मी भिंतीआडून शब्दशः ऐकला आहे.

"दादा, पोरगी एवडी शिकली, नोकरी करती. अन् तू तिच्यासाठी असलं पावणं बगितलं?"

"काय वाईट हाय त्यात?"

"उभं ऱ्हात न्हाई म्हनं!"

"ऱ्हाईल की. दोन आठवडं दे मला. डावा पाय बदलायचाय."

"पाय बदलायचा?"

"व्हय. हितंच करतोय पत्र्याचा. ही बग पट्टी."

 मग आत्या हळू आवाजात म्हणाली, "अन् घरचं कोन हाय त्याला?"

"कोन असनार? मी अन् मनू."

"खातं-पितं काय?"

"बारा व्होल्ट."

आत्याला रडू फुटलं. सोबतच्या दोघी पदर तोंडाला लावून तिला धरायला धावल्या, आणि काकू हातातली परात तशीच ठेवून भिंतीला टेकून हसत सुटल्या. मी तेलकट हातांनी बाहेर आले, आत्याला बराखीत नेलं आणि दोरीला टांगलेलं स्थळ दाखवलं. तिने ते वरपासून खालपर्यंत पाहिलं, डोळे पुसले, आणि ती तुमच्यावर अशी उखडली, की तुम्ही बाजेवरून उठून थेट विहिरीपर्यंत गेलात. पण जाताना ती माझ्या कानात म्हणाली, "मानसाचं पावणं बी बगू आता. नायतर दादा ह्याच्याशीच लावून देईल."

आता आपला वाद. तो मिटला नाही, म्हणून तो नीट मांडते.

माझं म्हणणं तेव्हाही शास्त्रशुद्ध होतं: दोन पायांवर चालणं हा यंत्रासाठी अत्यंत महागडा मार्ग आहे. गुरुत्वमध्य उंच, पाया अरुंद, आणि पाऊल उचललं की पाया निम्मा होतो. तीन चाकं लावा, प्रश्न मिटतो. तुमचं म्हणणं एका वाक्यात होतं: "चाकं लावली की ती गाडी. गाडी माझ्याकडं हाय." मी आकृत्या काढल्या. तुम्ही त्या पाहून म्हणालात, "झ्याक काडलीया. पर गाडीच हाय."

दीड वर्षं हा वाद दर शनिवार-रविवारी चालला. त्यात आपल्या हातून झालेल्या चुका समसमान वाटता येतील. तुम्ही कागदावर 'दोन सूत कमी' असं लिहून ठेवलंत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला माहीत नव्हतं. मी त्याचे दोन मिलिमीटर केले, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा झिजलेल्या चपलेएवढा उंच झाला. पावणं महिनाभर पान खाऊन थुंकायला वाकल्यासारखं उभं होतं. तुम्ही रागावला नाहीत. "कुनाचं बी दोन पाय सारकं नस्त्यात," एवढंच म्हणालात आणि आखूड पायाखाली वॉशर ठेवलेत.

मग तुम्ही चालण्याचा अभ्यास करायला घेतलात. कमरेवर हात ठेवून, एकेक पाऊल अडकवून, तुम्ही अंगणात इतकं हळू चालायचात की शेजारच्या वहिनींनी काकूंना विचारलं, "डाक्टरनं सांगितलंय का ओ?" मी मोबाइलवर चित्रण करत असे. एक दिवस तुम्ही मधेच थांबून म्हणालात, "मने, तू पाय उचलती अन् वजन हलवती एकाच टायमाला. तसं न्हाई. आदी ह्या पायावरचा भार काड. तो मोकळा झाला का बग. मग उचल." मी म्हणाले, त्याने वेग निम्म्यावर येईल. तुम्ही म्हणालात, "पावण्याला कुठं गाडी गाठायचीया?" मी ते ऐकलं नाही. हा माझ्या बाजूचा दोष मी इथे स्वतंत्रपणे नोंदवते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

आणि आता जे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही ते. उन्हाळ्यात मला बंगळूरच्या एका संशोधनसंस्थेत जागा मिळाली. कित्येक वर्षं मला जे हवं होतं, तेच. निवडीचं पत्र आलं त्या शनिवारी मी येडगावला आले, ते सांगण्यासाठीच. तुम्ही बराखीच्या दारात उभे होतात, हातात पावण्याची कंबर होती, आणि तुम्ही म्हणालात, "आलीस? बरं झालं. हे आता चालल्याबगर तुला सोडायचं न्हाई म्हनतंय." तुम्ही थट्टेने म्हणालात. मला ते अक्षरशः खरं वाटलं. ते चालेपर्यंत मला जाता येणार नव्हतं, आणि ते चालण्याची लक्षणं नव्हती. मला यशाची नव्हे, सुटकेची घाई झाली होती.

म्हणून पुढच्या शनिवारी, तुम्ही ओतूरच्या बाजारात गेला असताना, मी सरकत्या खिडकीची चार लहान चाकं आणली आणि प्रत्येक तळव्यात खाच पाडून दोन-दोन बसवली. ती फक्त पुढे फिरायची, मागे अडायची. सायकलच्या ट्यूबचं रबर कडेने असं लावलं की बाजूने पाहणाऱ्याला काही दिसू नये. पावण्याने आता पाय उचलायचा नव्हता. नुसती कंबर हलवून पाय घसटायचा होता. रचना म्हणून ती उत्तम होती. इतकी सफाईदार गोष्ट मी त्या बराखीत दुसरी केली नाही, आणि त्याचीच मला लाज वाटते.

तुम्ही आलात, पिशवी खाली ठेवलीत, आणि मी बटण दाबलं. पावणं बराखीच्या दारापासून तुळशीकडे सहा वेळा पुढे सरकलं. पडलं नाही.  मग काकूंना हाक मारलीत, आणि हाक मारताना तुमचा आवाज फाटला. "आगं ये! पावणं निघालं बग!"

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते तुमच्या स्वभावाला धरूनच होतं: तुम्ही सगळ्यांना फोन केलेत. येडगावात 'पावणं सहा पावलं चाललं' असं सांगितलंत. ओतूरला ती दहा झाली. लोणीला आत्याने ऐकलं तेव्हा पावणं वेशीपर्यंत जाऊन आलं होतं. अंतर आणि आकडा यांचं हे प्रमाण इतकं सरळ होतं, की त्याचा आलेख काढता आला असता. मी हसत होते, तुमच्यासोबत चहा पीत होते, आणि बंगळूरचं पत्र माझ्या पिशवीत होतं. ते काढलं नाही. आज इतक्या आनंदात कशाला, पुढच्या आठवड्यात सांगू, असं म्हटलं. पुढच्या आठवड्यात कामावर अडकले. त्याच्या पुढच्या आठवड्यात तुम्ही नव्हतात.

तर दहाव्याला कावळा उतरला तो या पार्श्वभूमीवर. तृप्त आत्म्याला शिवला म्हणून सगळे त्याला हात जोडत होते, आणि मी मनात म्हणत होते, बाबा रे, तुला अपुरी माहिती मिळालेली आहे. तू परत तारेवर जाऊन बस. मी काही बोलते, मग ठरव. पण त्याला भात आवडला होता.

घाटावरून परतताना आत्याने माझा हात धरला. "मनू, तेराव्याला सगळी येतील. आमच्या लोणीची बी येनार हायती. दादानं सगळ्यांना सांगितलंय, पावणं चालतं म्हनून. एकदा चालवून दाव. त्याचा शब्द ऱ्हाईल."

तुमचा शब्द. आता प्रश्न साधा होता, आणि सुटत नव्हता. चाकांसह चालवलं तर तुमचा शब्द राहील आणि माझं खोटं तुमच्या फोटोसमोर, साऱ्या भावकीत पक्कं होईल. चाकं काढली तर पावणं पडेल, आणि लोक म्हणतील, तात्या बढाया मारत होते. खोटं माझं आणि नाव तुमचं जाणार, ही वाटणी मला मान्य नव्हती.

दहाव्याच्या दुपारी मी बराखीत गेले, पावण्याला उताणं केलं आणि चारही चाकं काढली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना सगळं सांगितलं: चाकं, रबर, बंगळूर, सगळं. त्यांनी एक चाक हातात घेऊन अंगठ्याने फिरवून पाहिलं.

मी विचारलं, "काकू, त्यांना कळलं होतं का?"

"मला काय म्हाईत?"

"तुम्हाला काही बोलले नाहीत?"

"मोटारीचं कदी बोललं त्ये माज्याशी? मी म्हंजे कांदा." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पर त्या दिवशी चार भाकरी खाल्ल्या. येरवी दोनवर हात धुत्यात."

चार भाकरींवर मी पुष्कळ विचार केला आहे, तात्या. ज्याचं पावणं चाललं असा माणूस चार भाकरी खाईल. आणि ज्याला पुतणीची लबाडी कळली, पण ती लबाडी करण्याइतकी मन लावून तिने खाच पाडली याची मौज वाटली, असा माणूसही चार खाईल. पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच जुळतो. तुमच्या हाताखालून आयुष्यभर मोटारी गेल्या. नुसता आवाज ऐकून कुठली गुंडाळी जळाली ते तुम्ही सांगायचात. घसटणाऱ्या चाकाचा आवाज तुम्हाला कळला नसेल? मला माहीत नाही. यापुढेही कळणार नाही. या अज्ञानासह राहण्याची सवय मला करून घ्यावी लागेल. माझ्या शिक्षणात तिचा समावेश नव्हता.

उरलेले दिवस मी सगळ्या आज्ञा पुसून नव्याने लिहिल्या. या वेळी तुमच्या पद्धतीने. आधी कंबर कलायची, मग थांबायचं, सरळ दीड सेकंद थांबायचं, मग मोकळा झालेला पाय उचलायचा. दीड सेकंद हा यंत्रासाठी लाजिरवाणा विलंब आहे. पहिल्याच प्रयत्नात डावा पाय जमिनीपासून सुटला आणि परत टेकला, पावणं उभंच राहिलं. मी व्हाइसवर डोकं टेकून बराच वेळ बसून राहिले. दीड वर्षं तुम्ही बरोबर होतात, आणि हे मी तुम्हाला सांगू शकत नव्हते. वाद जिंकला की जिंकणाऱ्याने हजर असायला हवं, तात्या. एवढं साधं सौजन्य तुम्ही पाळलं नाहीत.

बाराव्याच्या संध्याकाळपर्यंत एक पाऊल जमायचं. दुसऱ्याला पावणं दर वेळी डावीकडे कलंडायचं आणि मी त्याला हवेतच झेलायचे. त्याच परिस्थितीत तेरावं उजाडलं.

गोडाचं जेवण झालं. अंगणात खुर्चीवर तुमचा फोटो होता; हाराखालून तुमचा चष्मा तेवढा दिसत होता. साठ-सत्तर माणसं होती. मी पावण्याला आणून फोटोसमोर उभं केलं, आणि बटण दाबण्याऐवजी बोलले. तात्यांनी तुम्हाला सहा पावलं सांगितली, ती त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली होती. पण ती पावलं नव्हती. खाली चाकं होती, ती मी लपवून लावली होती, त्यांना न सांगता. बोलणं त्यांचं खरं, फसवणूक माझी. आता चाकं नाहीत, तेव्हा हे बहुतेक पडेल.

 आत्याने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पप्पा जमिनीकडे पाहत होते. शेवटी गेनूबाबा बोलले. त्यांची मेंढरं वर्षानुवर्षं उन्हाळ्यात आपल्या वावरात बसायला यायची, आणि त्यांच्या तोंडावर कुणी कधी बोट ठेवू शकलेलं नाही.

"मंग आता काय, बघायला मिळनार न्हाई व्हय?"

"बाबा, पडेल ते."

"आगं पडंना का. आमी काय न पडनारं हाओत?"

कुणीतरी हसलं. मी बटण दाबलं.

कंबर उजवीकडे कलली. थांबली. त्या दीड सेकंदात अंगणातली सगळी माणसं आपापल्या जागी किंचित उजवीकडे झुकली होती, हे मला नंतर काकूंनी सांगितलं. डावा पाय सुटला, पुढे गेला, टेकला. मग कंबर डावीकडे कलली. इथेच ते दर वेळी पडायचं. थांबली. उजवा पाय सुटला, पुढे गेला, टेकला. पावणं उभं होतं. आत्या मोठ्याने म्हणाली, "चाललं की गं!" आणि तिसऱ्या पावलाला, कशाने ते मला अजून सापडलेलं नाही, ते पुढच्या बाजूला तोललं आणि तेलाच्या डब्याचा जो काय आवाज व्हायचा तो करत, सरळ, हात पसरून, तुमच्या खुर्चीच्या पायांशी पालथं पडलं.

मी धावले. पण त्याआधी गेनूबाबांचा आवाज आला. "पाया पडलं रं पावणं! मालकाच्या पाया पडलं!"

आणि तात्या, साठ-सत्तर माणसांनी हात जोडले. पप्पांनी जोडले. आत्या रडत-रडत पुढे आली, हाताची बोटं डब्याला लावून कपाळाला टेकवली, आणि म्हणाली, "माज्यापेक्षा ह्याला रीत जास्त कळती." मी मधोमध उभी होते. हे नमन नाही, पुढच्या घोट्याला पुरेसं बळ मिळालं नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

पुढच्या महिन्यात मी बंगळूरला जाते आहे. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, ते आता सांगितलं. बराख काकूंनी रिकामी करू दिली नाही. यंदाचा कांदा पप्पांच्या पडवीत जाणार, आणि त्यावरून पप्पा आणि काकू यांचं बोलणं सध्या बंद आहे. पावण्याचा पोचा आलेला डबा मी आतून ठोकून सरळ करून घेतला. घोट्याची मोटार तपासायची आहे.

संध्याकाळी लोणीहून फोन आला. तिथे आता असं ठरलं आहे, की पावणं बराखीपासून चालत आलं, फोटोपुढे वाकलं, पाया पडलं आणि पंगतीत जाऊन बसलं. मी दुरुस्ती करायला गेले, तर पलीकडच्या मावशी म्हणाल्या, "तुला काय म्हाईत, आमच्याकडं बघनारी मानसं हायती." तुमच्याकडे एव्हाना याहून मोठा आकडा पोचला असणार, अंतर पाहता तो फारच मोठा असेल. तो मानू नका. तिथे मी होते.

डावं एक, उजवं एक. तिसऱ्याला पडलं.